उगवतीच्या पाच खाचा

तांबडगडचे राजे उदाजीराव यांनी कमळांसाठी एक तळं बांधलं आणि हुकूम काढला की उगवती नदीचं पाणी आधी तळ्याला, उरलं तर खालच्या चार गावांना. उरत काहीच नव्हतं. कमळं मात्र टवटवीत होती, आणि राजे त्यांच्याकडे पाहत दुष्काळाच्या बातम्या ऐकत असल्यामुळे त्या बातम्यांचा त्यांना फारसा त्रास होत नव्हता.

चार गावांचे पाटील गाऱ्हाणं घेऊन दरबारात गेले आणि तिथे पोचताच आपसातच भांडू लागले. वरच्या गावाने पाणी चोरलं, मधल्याने पाट फोडला, असा एकच गलका उठला. राजांना हे हवंच होतं.

"नदीचे पाच वाटे करा," ते म्हणाले. "चार तुमचे, एक माझ्या तळ्याचा. पण वाटणी अशी हवी की मी स्वतः भर सभेत म्हणेन, कुणालाच माझ्यापेक्षा जास्त मिळालेलं नाही. दहा दिवसांत मी तसं म्हटलं, तर वाटणी कायमची. नाही म्हटलं, तर नदी माझी. मग पुन्हा तोंड दाखवायचं नाही."

अटीतली गोम सगळ्यांच्याच ध्यानात आली. जिंकायला राजांनी फक्त गप्प बसायचं होतं.

पाटलांच्या मागे सुंद्रा उभी होती. अगदी खालच्या टोकवाडीच्या निंबा पाटकऱ्याची ही मुलगी. पाटकरी म्हणजे शेताशेताला पाण्याची पाळी लावून देणारा. निंबा गुडघ्यांनी अधू झाल्यापासून खांद्यावर फावडं टाकून तीच पाट फिरायची. टोकवाडीचा जोंधळा पोटरीत आला होता, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती. पंधरा दिवसांत पाणी मिळालं नाही, तर सगळ्या वाडीला बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघावं लागणार होतं. ते आठवून ती पुढे झाली.

"मी करते वाटणी, महाराज. फकस्त आमच्या पाटाच्या रिवाजानं करू द्या."

"रिवाज तुमचा, नदी माझी," राजे हसत म्हणाले. रिवाज काय आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. पाटावर ते कधी गेलेच नव्हते. त्यांच्याकडे पाणी चांदीच्या तांब्यातून येई.

दहाव्या दिवशी उगवतीच्या बंधाऱ्यापाशी सभा भरली. पाथरवटाने एक लांबलचक शिळा घडवून आणली होती. ती पाटाच्या तोंडाशी बसवायची आणि तिच्या काठाला पाच खाचा पाडायच्या. ज्याची जी खाच, तिथून त्याचा पाट निघणार. सुंद्राने कोळसा राजांच्या हातात दिला.

"आखणी तुमीच करा. वाटायला तुमच्याहून मोठं माणूस आमी कुठनं आणायचं?"

राजे खूश झाले. त्यांनी चार खाचा बोटबोटभर आखल्या आणि पाचवी एवढी, की तिच्यातून म्हैस आरामात गेली असती. छिन्नी चालू झाली तशी पाटलांची तोंडं उतरली. पोरीने घात केला, असंच त्यांना वाटलं.

"आता वाटे उचलायचे," खाचा पाडून झाल्यावर सुंद्रा म्हणाली. "शेवटचं गाव पहिलं उचलतं. आनि जो वाटतो, त्यानं सगळ्यांच्या मागनं उचलायचं. हाच आमचा रिवाज."

टोकवाडीचे पाटील उठले आणि म्हशीच्या खाचेपाशी जाऊन उभे राहिले.

राजे भडकले. ही वाटणी वाईट आहे, आपल्याला मान्य नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

"वाटणी वाईट झाली, म्हंजी वाटणाऱ्याला वाटता आलं न्हाई," सुंद्रा म्हणाली. "आमच्यात असा पाटकरी दुसऱ्या दिवशी कामावर नसतो. तुमचं काय करायचं, महाराज?"

सभेत कुणीतरी खोकलं. राजे लाल झाले.

"शिळा उलटी करा!"

दुसऱ्या काठाची आखणी करायला ते स्वतः खाली उतरले. पाथरवटाचा दोरा हातात घेऊन, जरीचा अंगरखा चिखलात लोळवत, उन्हं कलेपर्यंत ते मापत राहिले. एका खाचेत गव्हाच्या दाण्याएवढा फरक दिसला, तर पाथरवटावर खेकसले. शेवटी आपल्याच वाट्याला काय उरेल, याची त्यांना आता फार काळजी लागली होती.

चौघा पाटलांनी एकेक खाच धरली, उरलेली राजांची झाली. जुन्या खाचा मातीत गाडून शिळा बसवली आणि पाणी सोडलं. पाची खाचांमधून सारख्याच धारा पडू लागल्या. धन्याची बाजू सावरायला दिवाणजी पुढे सरसावले आणि म्हणाले की टोकवाडीकडे जरा जास्तच जातंय.

"डोळे फुटले का तुमचे?" राजे कडाडले. "मी स्वतः मापलंय! कुणालाच माझ्यापेक्षा केसभरही जास्त नाही!"

सुंद्राने वाकून मुजरा केला.

"समद्यांनी ऐकलं, महाराज."

राजांना आपलीच अट आठवली. मग ते असे हसत सुटले, की पगडी मापलेल्या खाचेत पडता पडता राहिली. डोळे पुसत त्यांनी बक्षीस माग म्हणून सांगितलं.

सुंद्राने वर डोंगराकडे बोट केलं. "तुमच्या नव्या महालासाठी तिथं झाडं पाडत्यात. झरे आटाया लागलेत. तेवढं थांबवा."

"बक्षीस मागतेस, की माझा महाल काढून घेतेस?"

"उगवती आटली तर पाचातला एक वाटा तुमचाबी आटंल की!"

राजे पुन्हा खो खो हसले. कुऱ्हाडी त्याच संध्याकाळी डोंगरावरून खाली आल्या. सुंद्राला पाची पाटांच्या पाटकरीपणाची सनद मिळाली आणि वर रुप्याचं फावडं. ते मातीत वाकतं म्हणून तिने बापाच्या उशाशी ठेवलं. दर अमावास्येला बंधाऱ्यावर वाटेकऱ्यांची बैठक भरू लागली. तिथे पाचव्या घोंगडीवर राजे बसत, आणि खिशातून हळूच दोरा काढून खाचा पुन्हा एकदा मापून घेत.