मनोऱ्यावर लावायची पाटी

"उस्ताद, लोकांना आठवण राहावी म्हणून पाटी लावली, तर त्यात तुम्हाला खटकतं काय?"

दिगंबर सोनटक्के हे तिसऱ्यांदा विचारत होते. लतीफ उस्ताद मनोऱ्याच्या सावलीत बसून पेरूच्या फोडींना तिखटमीठ लावत होते.

मनोरा दगडी, दोन पुरुष उंच. जमिनीखालच्या जुन्या खापरी नळातून डोंगराचं पाणी गावात येतं आणि वाटेत कोंडणारी हवा या मनोऱ्यातून बाहेर पडते. शेकडो वर्षं हे चाललंय. दर्ग्याचा हौद आजही त्याच पाण्याने भरतो, आणि अर्धं गाव त्या हौदावर हंडे भरतं.

नळाची निगा उस्तादांकडे. सोनटक्के नवखे अभियंता म्हणून आले, तेव्हा उस्तादांनी त्यांना वर्षभर एकच काम दिलं होतं. रोज सकाळी मनोऱ्याला कान लावायचा आणि आत काय चाललंय ते सांगायचं. पुढे ते साहेब झाले, मोठे साहेब झाले, निवृत्त झाले. मग निवृत्त साहेबांना होतो तो रोग त्यांनाही झाला. कामं संपली, भाषणं उरली. जिल्ह्यातल्या जुन्या बांधकामांना स्वखर्चाने स्मृतिफलक लावायचं त्यांनी मनावर घेतलं.

हा पहिला. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, सध्या मनोऱ्याला टेकवून ठेवलेला. अकरा वाजता पाहुणे येणार होते, त्याआधी तो भिंतीवर बसवायचा होता. पडदा उस्तादांनीच ओढायचा, हा सोनटक्क्यांचा हट्ट. बाकी काही म्हणा, म्हाताऱ्यावर त्यांचा जीव होता. पण म्हातारा हो म्हणेना.

"वाचून दाखव," उस्ताद म्हणाले.

सोनटक्क्यांनी घसा साफ करून वाचलं. प्राचीन जलव्यवस्था, अभियांत्रिकीचा चमत्कार, अज्ञात कारागिरांना अभिवादन.

उस्तादांना अक्षरओळख नव्हती. ते पाटीवरून बोट फिरवत खाली आले, आणि एका ओळीवर थांबले.

"हे सगळ्यात खोल कोरलंय. कोणाचं नाव?"

"...माझं. सौजन्य म्हणून."

"छान कोरलंय," म्हणत उस्तादांनी पेरूची फोड पुढे केली. चौसष्ट वर्षांच्या साहेबांनी ती निमूट खाल्ली, बोटंही चाटली.

"आणि बसवणार कुठे?"

सोनटक्क्यांनी रस्त्याकडची बाजू दाखवली. जागा त्यांनी घरी बसून, फोटो बघून नक्की केली होती. तिथे मुठीएवढं एक भोक होतं, ओबडधोबड. पाटीखाली ते बेमालूम झाकलं जाणार होतं.

उस्तादांनी सोनटक्क्यांचं मनगट धरलं आणि तळहात त्या भोकावर टेकवला.

...

आतून हवा येत होती. गार, ओलसर. यायची, थांबायची, पुन्हा यायची.

सोनटक्क्यांचा चेहरा उतरला. भोक बुजलं की नळात हवा अडणार, पाणी थबकणार, दोन दिवसांत हौद कोरडा. उभा जन्म पाणीपुरवठ्यात काढलेला माणूस पाण्याचं नाक दाबायला निघाला होता, तेही स्वतःच्या नावाने.

"उस्ताद, मी..."

"कान लाव."

त्यांनी चष्मा काढला. दगडाला कान लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"काय म्हणतंय?"

"अडखळतंय... तळात गाळ बसलाय."

उस्तादांचा चेहरा खुलला. "कान शाबूत आहे बेटा तुझा. मला वाटलं, हारांनी बुजला असेल."

रस्त्यावर पहिली गाडी थांबली. लोक हार सांभाळत उतरू लागले. सोनटक्क्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं.

"मग ही लावू तरी कुठे, उस्ताद?"

उस्तादांनी मनोऱ्याच्या पायथ्याचं झाकण सरकवलं. वाकून आत पाहिलं.

"आधी पँट गुडघ्यापर्यंत वर घे, दिगू."