न लावलेली कुस्ती

कृष्णाकाठच्या एका गावात हिंदुराव नावाचे एक कुस्तीशौकीन राहत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी जन्मात कधी लंगोट लावला नव्हता, पण पंचक्रोशीतल्या जत्रेतली एकही कुस्ती चुकवली नव्हती. आखाड्याच्या काठावर सावली बघून ते बसत आणि तिथूनच निकाल देत. पंचांचा निकाल त्यानंतर यायचा.

कुस्ती झाली की चहाच्या दुकानात तिचं दळण सुरू होई. अण्णा आले की समोर कप यायचा आणि पाठोपाठ प्रश्न, "अण्णा, परवाची कुस्ती कशी झाली?" आता बरी झाली म्हणावं, तर ऐकणाऱ्यांचा विरस होतो. चहा पाजणाऱ्याला काहीतरी तिखट हवं असतं. शेजारच्या जत्रेत दोन पैलवान बराच वेळ नुसते एकमेकांची मनगटं धरून उभे राहिले, तर अण्णा म्हणाले, "कुस्ती कसली, सोयरीक जुळवत हुते दोघं." खालच्या गावची मोठी कुस्ती बरोबरीत सुटली, तर म्हणाले, "पंचास्नी जेवायची घाई झाली हुती." एक पैलवान गुडघा धरून खाली बसला. त्यावर अण्णांचं मत असं, की हरायला लागलं म्हणजे पैलवानाला सगळीकडं दुखतं. दुकान खदाखदा हसलं.

खरं सांगायचं तर अण्णा या सगळ्याला कंटाळले होते. वय झालं होतं. ओरडून ओरडून घसा बसायचा. डोळ्यांना सगळ्या कुस्त्या सारख्याच दिसू लागल्या होत्या. एखाद्या जत्रेला जाऊच नये, घरी निवांत पडून राहावं, असंही मनात येई. पण एकदा जाणकार म्हणून नाव झालं की माणसाची सुटका नसते. मत नसलं तरी द्यावं लागतं. आणि नसलेलं मत द्यायचं, तर ते कडू असलेलं बरं. कडू मत लवकर खपतं.

यातली बरीचशी कडू मतं जोतिराम पैलवानाच्या वाट्याला जात. जोतिराम गावातलाच. एके काळी त्यानं गावाचं नाव मोठं केलं होतं आणि तेव्हा त्याच्यासाठी सगळ्यांत आधी फेटा उडवणारे अण्णाच होते. आता तो चाळिशीकडे झुकला होता. तालमीत पोरांना शिकवायचा आणि जत्रेत बेताच्या पैलवानाशी बेतानं लढायचा. तेवढ्यात नदीपलीकडच्या गावात संभा नावाचा नव्या दमाचा पैलवान तयार झाला. अण्णांनी जाहीर करून टाकलं, "जोतिराम भितोय. संभाच्या हातात एकदा हात दिऊ द्या त्येला, मग बघू."

हे वाक्य गावाला फार आवडलं. दोन वर्षं ते गावभर फिरलं. तालमीत गेलं, पाणवठ्यावर गेलं, जोतिरामच्या घरातही गेलं. अण्णांनी त्याचा पुढे विचार केला नाही. बोलणारा बोलून मोकळा होतो.

गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या जोड्या लावायचं काम तालमीच्या जुन्या वस्तादांकडे असे. तिथे कागद नसायचा, वजनकाटा नसायचा. वस्ताद मातीत उभे राहत, पैलवान निरखत, एकाचं मनगट धरून दुसऱ्याच्या हातात देत. झाली जोड. एकदा हातात हात दिला की पैलवानानं नाही म्हणायचं नाही, असा रिवाज होता. जो नाही म्हणेल त्यानं पुन्हा मातीत पाय ठेवू नये. दरवर्षी जोड लागली की अण्णा काठावरून ओरडत, "वस्ताद, डोळं हायती का?" यंदा वस्ताद वैतागले. जत्रेच्या बैठकीत ते म्हणाले, "अण्णा, आमचं कायबी तुमास्नी पटत न्हाई. औंदा जोड तुमीच लावा." सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णांना ते नको होतं, पण जाणकाराला नाही कसं म्हणता येणार?

जत्रेच्या दिवशी ऊन उतरलं आणि हलगी घुमू लागली. अण्णा चपला काढून आयुष्यात पहिल्यांदा आखाड्यात उतरले. माती पायांना गार लागली. तिला तिच्यात मिसळलेल्या हळदीचा आणि ताकाचा वास होता. काठावर तो कधी आला नव्हता. काठावरून दिसतात ते पैलवानांचे खांदे. जवळून वेगळंच दिसत होतं. एकाचे ओठ कोरडे पडले होते. एकाची पोटरी थरथरत होती. एकाचा कान फुटून सुजला होता आणि तो दिसू नये म्हणून बिचारा तोंड तिरकं करून उभा होता. अण्णांनी लहान कुस्त्या कशाबशा लावल्या. मनगट धरलं की बोटांखाली नाडी उडताना कळायची, आणि दर वेळी त्यांचा हात थोडा अडखळायचा.

शेवटी मोठ्या कुस्तीची वेळ आली. संभानं शड्डू ठोकला आणि मैदान एका सुरात ओरडू लागलं, "जोतिराम! जोतिराम!" अण्णांनी दोन वर्षं पेरलं ते उगवलं होतं. जोतिराम कपडे उतरवून मातीत आला. अण्णांनी त्याचं मनगट धरलं. ते गार पडलं होतं.

"अण्णा," जोतिराम समोर बघतच हळू म्हणाला, "मानंचा मणका सरकलाय. डाव्या हातात जोर न्हाई. डॉक्टर म्हनला, पुन्यांदा मानंवर पडलास तर अंथरुनातनं उठायचा न्हाईस."

"मग आलास कशाला मातीत?"

"न्हाई आलो तर लोक काय म्हनतील, ते तुमीच सांगत आलाय की."

अण्णांनी एकदा ओरडणाऱ्या काठाकडे पाहिलं.

"तुमी हात दिलासा तर मी लढतो," जोतिराम म्हणाला. "पर ही मानंची गोष्ट कुनाला सांगू नगा. गावाची कीव नगं मला."

हात दिला तर मैदान खूश होणार आणि अण्णांचं मत खरं ठरणार. पण संभा समोरच्याला मानेवर टाकणारा पैलवान. त्याच्या त्याच डावाचं कौतुक अण्णांनी गावोगाव केलं होतं. हात द्यायचा नाही, तर कारण सांगावं लागणार, आणि कारण तर सांगायचं नाही. हलगी थांबत नव्हती. लोक थांबत नव्हते. अण्णांना एकदम फार थकल्यासारखं झालं. तिथेच मातीत बसून घ्यावंसं वाटलं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या छातीचं माप काढलं होतं. स्वतःजवळ होतं काय, तर जाणकार हे एक नाव. दुसरं काही त्यांनी मिळवलंच नव्हतं.

त्यांनी जोतिरामचं मनगट सोडून दिलं. घसा खाकरून मोठ्यानं म्हणाले, "ही जोड लागत न्हाई! संभा अजून कच्चा हाय. जोतिरामफुडं टिकायचा न्हाई."

मैदान भडकलं. संभा कच्चा? पाळण्यातल्या पोरानंही हे ऐकून घेतलं नसतं. "म्हाताऱ्याची नजर गेली!" कुणी ओरडलं. "किती खाल्लं, अण्णा?" दुसऱ्यानं विचारलं. मातीचं एक ढेकूळ येऊन अण्णांच्या खांद्यावर फुटलं. "जोतिराम न्हाई, अण्णाच भ्यालं!" असं एकजण म्हणाला आणि सगळा काठ हसला. अण्णांनी तो हशा ओळखला. इतकी वर्षं त्यांनीच तो पोसला होता.

वस्ताद मातीत उतरले. त्यांनी एकदा जोतिरामकडे पाहिलं, एकदा अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता संभाचा हात दुसऱ्याच एका पैलवानाच्या हातात दिला. ती कुस्ती झाली. कशी झाली, ते अण्णांनी पाहिलं नाही.

मैदान पांगल्यावर अण्णा काठाशी चपला शोधत होते. जोतिराम सदरा घालून आला आणि त्यांच्या पाया पडायला वाकू लागला. वाकताना त्याला मानेला हाताचा आधार द्यावा लागला. अण्णांनी त्याला वरच्यावर धरलं.

"पाया पडू नगंस," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुला मी वाचवलं न्हाई, बाबा. मीच तुला ढकलत हितवर आणलं हुतं."

जोतिरामनं ते नाकारलं नाही. थोडा वेळ तो अण्णांजवळ उभा राहिला आणि मग घरी गेला.

त्या जत्रेनंतर चहाच्या दुकानात दुसऱ्याच एका माणसासमोर कप येऊ लागला. अण्णा कसे विकले गेले, ही गोष्ट तो फार रंगवून सांगे आणि दुकान हसे. अण्णा कोपऱ्यात बसून ऐकत. एक वाक्य बोललं असतं तर त्यांचं गेलेलं नाव परत आलं असतं. ते वाक्य रोज ओठांपर्यंत येई, आणि अण्णा ते चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकत.

तात्पर्य: काठावरून मत देणारा मत देऊन मोकळा होतो, पण त्याचं ओझं मातीत उतरलेल्याच्या मानेवर बसतं; म्हणून दुसऱ्याच्या झुंजीवर तोंड उघडण्याआधी एकदा त्याच्याजवळ जाऊन उभं राहावं.