बँडमास्तर उलटा का चढतो

हसा, मंडळी, हसून घ्या. निवळगडची चढण चढणारं वऱ्हाड पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण हसतोच. लग्नं आमच्याकडे गडावरच्या देवीपुढे लागतात. वऱ्हाडाच्या पुढे बँडमास्तर, हातात काठी, पण पाठ गडाच्या दरवाजाकडे आणि तोंड आपल्या वाजंत्र्यांकडे. सबंध चढण तो असा उलट्या पावलांनी चढतो. पाहुण्यांना वाटतं, गडी झोकून आलाय. तसं नाही बरं. त्यामागे केरोबा मास्तराची गोष्ट आहे.

केरोबा हा दीडशे वर्षांपूर्वीचा, इथल्या संस्थानाचा पहिला बँडमास्तर. पलटणीच्या बँडात क्लॅरोनेट शिकून आला आणि गावच्या सनईवाल्यांना कवायतीच्या तालावर चालायला शिकवलं. नव्या चाली स्वतः बांधायचा, आणि अशा की म्हाताऱ्याकोताऱ्याही पाय आपटायच्या म्हणे. पण माणूस भारी करडा. त्याचे नियम दोन. वाजवणाऱ्यानं काठीवरून नजर हलवायची नाही, आणि मास्तरानं मागे वळून पाहायचं नाही. मागे बघणारा मास्तर कसला, असं पलटणीत त्याच्या मनावर ठसलं होतं.

मोठा ढोल गळ्यात घेऊन चालायचा त्याच्या बहिणीचा नवरा, भिवजी. नवे राजे गादीवर बसणार, त्या दिवसासाठी केरोबानं वर्षभर खपून एक चाल बांधली. पायथ्यापासून दरवाजापर्यंत न थांबता वाजवायची. आणि नेमका तीन दिवस आधी भिवजी तापानं आडवा झाला.

समारंभाच्या सकाळी बहीण सगुणा दारात आडवी आली. "दादा, आजचा दिवस ह्यांना राहू दे. उभं राहवत नाही त्यांना."

"सगुणा, अख्खी चाल ढोलावर उभी आहे," केरोबा म्हणाला. "दाजी नसले तर दरबारात माझं नाक कापलं जाईल. एवढी चढण होऊ दे, मग महिनाभर झोपू देत."

भिवजी बिचारा भिडस्त. मेव्हण्याची अब्रू ती आपली अब्रू, म्हणून त्यानं पट्टा गळ्यात घातला.

ऊन चढत गेलं. तिसऱ्या वळणावर ढोलाचा एक ठोका चुकला, मग दुसरा, मग ढोल थांबलाच. केरोबाला ऐकू आलं नसेल? अहो, एकाचा सूर जरा ढळला तरी कान उपटणारा माणूस तो! ऐकू आलं, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाजींनी ऐन वेळी दगा दिला, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं काठी आणखी जोरात हलवली. मागचे वाजंत्री खाली बसलेल्या भिवजीला वळसा घालून पुढे गेले. नजर काठीवर, ओठांत वाद्य, सांगणार कोण आणि कसं?

दरवाजात राजांनी केरोबाच्या अंगावर शेला घातला. तेव्हा कुठे तो वळला. "दाजी कुठेत?" एकानं खाली वळणाकडे बोट दाखवलं. तो तसाच शेल्यानिशी धावत उतरला. भिवजी वळणावरच्या दगडाला टेकून बसला होता, ढोल मांडीवर, पट्टा गळ्यात. प्राण केव्हाच गेला होता. मागून चालत आलेली सगुणा त्याच्याजवळ बसली होती. ती रडली नाही, असं सांगतात. एवढंच म्हणाली, "दादा, एकदा मागं बघायचंस रे."

सांगताना अजून जीव तुटतो हो माझा. केरोबानं ती चाल पुन्हा कुणाला वाजवू दिली नाही, आता ती येतही नाही कुणाला. पुढे जगला तितकी वर्षं तो ही चढण पाठमोरा चढला. दोनदा पडून गुडघे फोडून घेतले, पण वाजवणाऱ्यांवरची नजर काढली नाही. त्यानं काय होणार होतं? सगुणा त्याच्या घराची पायरी पुन्हा चढली नाही.

आजही तिसऱ्या वळणावर बँड थांबतो. ढोलवाला कुणीही असो, मास्तर त्याला विचारतो, "दाजी, झेपतंय का?" तो हो म्हणाला तरच पुढचं पाऊल. गेल्या वैशाखात एकानं "नाही झेपत" म्हटलं. ढोल उतरवला, त्याला पाणी पाजलं, सावलीत निजवलं. नवरदेव, करवल्या, सगळं वऱ्हाड तासभर उन्हात बसून राहिलं. मुहूर्त टळला, पण वर मांडवात खोळंबलेल्या नवरीच्या बापानंही चकार शब्द काढला नाही.