पालथा फोन

"माझा फोन तुम्ही पालथा का घातलात?"

धैर्यशीलने शेडच्या दारातूनच विचारलं. पायांत चपला तशाच होत्या. बाहेरची धूळ आत नको म्हणून या शेडमध्ये चपला दाराशी काढायची पद्धत होती, आणि ती इतके दिवस तोच सगळ्यांना सांगत आला होता.

बाबालाल मुजावर आपल्या जुन्या काळ्या फियाटपाशी उकिडवे बसून चाकाची वाटी पुसत होते. त्यांनी मान वर केली. पोराच्या डोक्यावर खुंट उगवले होते. आईचा तेरावा कालच झाला होता.

"आत ये. दार ओढून घे."

"आधी सांगा."

बाबालाल उस्तादांनी फडकं पिळलं. बादलीत पाणी ठिबकत राहिलं…

कराडच्या बाहेर, हायवेच्या कडेला ही शेड. बाबालाल उभं आयुष्य गाड्या रंगवत आले. रंगावर काचेसारखा कडक थर देणारं कोटिंग शहरांतून इकडे आलं, तेव्हा त्यांचे केस पिकले होते. तरी पुण्याला जाऊन, नातवाच्या वयाच्या पोरांशेजारी बसून ते शिकून आले. मग इतरांना शिकवू लागले. शिकणारे त्यांना उस्ताद म्हणत. धैर्यशील थोरात त्या सगळ्यांत तल्लख होता, आणि ते त्याला ठाऊकही होतं.

आई गेली तो दिवस साधाच होता.

धैर्यशीलची आई दवाखान्यात होती, पण काळजीचं काही नव्हतं. साखर वरखाली होत होती, दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. सकाळी तो थर्मासमधून तिला चहा घेऊन गेला. थोरली बहीण मालनताई खाटेशेजारी बसून होती.

"आज परीक्षा म्हणं तुझी," आई म्हणाली.

"परीक्षा कसली? गाडीला कोटिंग लावायचंय. पहिल्यांदाच एकट्यानं."

"म्हंजे रंगच की."

"रंग नाही गं. रंगाची राखण."

"बरं. आणि हाताला तेल लावत जा की जरा. सालपटं निघालीत नुसती."

"ताई, दुपारपर्यंत फोन करू नका. मधे हात सोडता येत नाही."

"ऐकलंस का, मालन?" आई म्हणाली. "साहेबांना फोन करायचा नाही."

तिघंही हसले. तो निघाला.

गाडी पाटणच्या एका कंत्राटदाराची होती. नवी, काळी. काळ्या रंगावर चूक लपत नाही, म्हणून उस्ताद पहिलं काम काळ्या गाडीवरच देत.

"नखं कापलीस?" त्यांनी विचारलं.

"कापली."

"दाढीपण केलीस. लग्नाला निघालास का?"

"तुम्ही अक्षता घेऊन उभे राहा, उस्ताद. चुकलो तर टाका."

"चुकलास तर बादली टाकीन. ऐक. एकदा लावायला घेतलं की गाडी पुरी होईस्तवर कापड खाली ठेवायचं नाही. घरात कोण मेलं तरी."

हे ते प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगत. प्रत्येक जण हसे. धैर्यशीलही हसला.

त्याने पंखा बंद केला. पत्रा स्पिरिटने पुसला. छोट्या बाटलीतले थेंब स्पंजावर घेतले आणि बॉनेटवर हात फिरवला, आधी उभा, मग आडवा. थोडं थांबलं की त्या थरावर तेलाच्या तवंगासारखे रंग दिसू लागतात. तेव्हाच तो पुसायचा. लवकर पुसला तर थर बसत नाही. उशीर झाला तर जागच्या जागी धरतो आणि ओरखाड्यासारखा राहतो.

रंग दिसू लागले. धैर्यशील पुसू लागला.

फळीवरचा फोन वाजला.

त्याने मान वर केली. हात मात्र थांबला नाही.

उस्ताद फळीपाशी गेले. त्यांनी फोनकडे बघितलं आणि तो पालथा घातला.

फोन पत्र्याच्या फळीवर थरथरत, सरकत राहिला. थांबला. पुन्हा सुरू झाला.  बॉनेट झालं, छत झालं, दारं झाली.

शेवटी उस्तादांनी दिवा हातात घेतला आणि तो तिरका धरून ते गाडीभोवती फिरले. वाकून, डोळे बारीक करून, पुन्हापुन्हा.

"एक डाग नाही, लेका."

असं त्यांनी आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं.

धैर्यशीलने हातमोजे काढले. हसत हसत फोन सुलटा केला आणि बहिणीला लावला. मालनताईने उचलला, पण ती हॅलो म्हणाली नाही.

संध्याकाळी कंत्राटदार गाडी न्यायला आला, तेव्हा धैर्यशील स्मशानात होता. कंत्राटदाराने बॉनेटमध्ये बघून केस सारखे केले. "पोराला सांगा, झकास झालंय," म्हणाला आणि गेला.

"उस्ताद, मी काहीतरी विचारलं," धैर्यशील दारातून पुन्हा म्हणाला.

"ऐकलं."

"आईला माझ्याशी बोलायचं होतं. छातीत कळ आली तशी पहिल्यांदा हेच म्हणाली, धैर्याला लाव. डॉक्टर येईपर्यंत ताईनं फोन तिच्या कानाला धरला होता. नुसती रिंग ऐकत होती ती."

उस्तादांनी फडकं बादलीच्या काठावर टाकलं.

"ताई लावत राहिली. मग आईच म्हणाली, नको लावू, हात गुंतले असतील त्याचे."

हायवेवरून एक ट्रक गेला. शेडचे पत्रे वाजले, थांबले.

"काय बोलायचं होतं तिला?" उस्तादांनी हळूच विचारलं.

"ते आता कुणाला विचारू?"

…

"फोनवर नाव होतं. ताई. वाचलं होतं तुम्ही?"

"वाचलं."

"आई दवाखान्यात आहे, माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"बॉनेट ओलं होतं."

धैर्यशील हसला. ते हसू ऐकवत नव्हतं.

"म्हणजे चूक तुमची."

उस्तादांनी मान हलवली नाही. होय म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

"की माझी? तुम्ही फोन पालथा घातलात तेव्हा मी बघत होतो. माझे हात कुणी धरले नव्हते. बॉनेट पुसून झाल्यावर दोन पावलं टाकली असती तर फळी होती. पण मला दिवा दिसत होता, उस्ताद. तुम्ही दिवा घेऊन फिराल आणि काय म्हणाल, ते ऐकायचं होतं मला."

तो थांबला. श्वास लागला होता.

"दोन्हीतलं एक सांगा. तुमची म्हणा, मी तुम्हाला शिव्या देतो आणि जातो. माझी म्हणा, तरी जातो. पण काहीतरी म्हणा. ताई रोज विचारते, जेवतोस का, झोपतोस का. घास हातात घेतला की ती रिंग ऐकू येते. मी ऐकलेली नव्हे. तिनं ऐकलेली."

उस्ताद गुडघ्यावर हात ठेवून उठले.

त्यांनी हात धुतले. कोरडे केले. पंखा बंद केला.

मग ते फियाटच्या बॉनेटपाशी गेले. ही गाडी म्हणजे त्यांच्या दुकानाची पाटी. येणाऱ्या प्रत्येकाला ते तिच्यात त्याचं तोंड दाखवत. दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नसत.

त्यांनी पत्रा स्पिरिटने पुसला. बाटली उघडली, स्पंजावर थेंब घेतले.

"काय करताय?"



हात उभा फिरला. मग आडवा. म्हातारा हात, पण एक रेघ वाकडी नव्हती. धैर्यशीलला बघायचं नव्हतं. तरी तो बघत राहिला.

थरावर रंग उमटले. जांभळा, हिरवा, पुन्हा जांभळा.

पुसायची वेळ झाली होती.

उस्तादांनी खांद्यावरचं कापड काढलं, नीट घडी घातली आणि जमिनीवर ठेवलं. स्टूल ओढून ते बसले.

"उस्ताद."

…

"उस्ताद, धरतंय ते."

"धरू दे."

"अहो, फियाट आहे ती!"

धैर्यशीलने झेप घेऊन कापड उचललं. तो बॉनेटपाशी पोचला, तेवढ्यात उस्तादांनी त्याचं मनगट धरलं. झटका दिला असता तर सुटलं असतं. त्याने दिला नाही.

दोघं तसेच थांबले. एक बसलेला, एक उभा.

दुपारची वेळ होती. पत्रा तापलेला होता. रंग हळूहळू विझत गेले. काळ्या चकाकीच्या मधोमध एक मळकट फराटा उरला. उस्तादांनी मनगट सोडलं नाही. बराच वेळ गेला, तेव्हा कुठे सोडलं.

"बोट लाव."

धैर्यशीलने लावलं. फराटा कडक झाला होता.

"पुसून निघंल?"

"नाही."

"मग काय करायचं?"

हे त्याला पाठ होतं. गेले कित्येक महिने तो हेच नव्या पोरांना पढवत होता.

"कंपाउंड मारून थर घासून काढायचा. पॉलिश करायचं. स्पिरिटनं पुसून परत लावायचं."

"निघंल मग?"

"निघेल."

"खूण राहील?"

"नाही."

"वेळ किती?"

"अर्धा दिवस…"

तो बोलता बोलता थांबला. बोट अजून फराट्यावरच होतं.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"अर्धा दिवस?"

उस्तादांनी मान डोलावली.

"एवढ्यासाठी मी…"

वाक्य पुरं झालं नाही. तो खाली बसला, चपलांसकट, त्या पुसलेल्या जमिनीवर. कपाळ फियाटच्या दाराला टेकवलं. रडण्याचा आवाज आला नाही. फक्त पाठ हलत होती.

हायवेवर गाड्या येत जात होत्या. कुणीतरी शेडबाहेर हॉर्न वाजवला, थोडा वेळ वाट बघितली आणि निघून गेलं.

उस्ताद स्टुलावरून उतरले. त्यांचे गुडघे वाजले. भिंतीला हात धरत ते त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

"तुम्हाला हे माहीत होतं," धैर्यशील दाराकडेच तोंड करून म्हणाला.

"होतं."

"अशा किती फराट्यांवर पॉलिश मारलं असेल तुम्ही."

"मारलं."

"आणि तरी म्हणालात, घरात कोण मेलं तरी…"

"म्हणालो."

"सगळ्यांना म्हणता."

"होय."

"आम्ही हसतो."

उस्तादांनी डोळे मिटले. उघडले.

"सांगताना मीपण हसायचो," ते म्हणाले.

…

धैर्यशीलने डोकं वर केलं. तोंडावर दाराची धूळही नव्हती, इतकी ती गाडी स्वच्छ होती. तो म्हाताऱ्याकडे बघत राहिला. आता त्याला कुणाची चूक ते ऐकायचं नव्हतं. त्या दोन उत्तरांपैकी कुठलंही आलं, तरी ते घेऊन तो जाणार कुठे होता?

"आता हे बॉनेट घासायचं का?" त्याने विचारलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

"नको."

"लोक विचारतील."

"विचारू देत."

"काय सांगणार?"

उस्ताद त्या फराट्याकडे बघत राहिले.

"पहिल्या दिवशी तुला हे दाखवायचं राहून गेलं."