दोन बोटांचं झाकण

महाराजांच्या मोदकपात्राचं झाकण तिसऱ्यांदा उडालं, आणि या खेपेला थेट शेजारच्या राज्यात जाऊन पडलं! तिथल्या राजाने पत्र पाठवलं, "हे युद्ध समजायचं की नैवेद्य? नैवेद्य असेल तर तूप राहिलंय."

ढोलगडचे महाराज लाजेने लालबुंद झाले. त्यांचं मोदकपात्र होतं घराएवढं. खाली भट्टी, आत कोंडलेली वाफ, आणि एका दमात अकरा हजार उकडीचे मोदक! झाकण धरून ठेवायला सोळा स्टड, म्हणजे डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे आणि नट असलेले जाडजूड बोल्ट. ते बसवले होते बाळोजी लोहाराने, म्हणून बोलावणंही त्यालाच आलं.

"उद्या पुन्हा मोदक!" महाराज गरजले. "झाकण असं आवळ, की दहा पैलवानांना हलता कामा नये. पण पान्याला हात लावायचा नाही! मागच्या मोदकांना पान्याच्या ग्रीसचा वास होता. मोदकाची कळी दोन बोटांनी वळते, मग नट का वळू नये? आणि वाफ धरली की झाकणावर तू बसायचंस. उडालास तर शेजारच्या राजाला माझा नमस्कार सांग!"

बाळोजी घरी आला आणि मटकन खाली बसला. "येसे, मी गेलो गं!"

येसू त्याची एकुलती लेक. तिला आई नव्हती. होता तो एवढा एकच बाप, आणि तोही उद्या उडणार! पण तिने पदर खोचला.

"आबा, गाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी चढवता?"

"तापवून. तापली की मोठी होते, गार झाली की चाकाला आवळून बसते."

"मग रडताय कशाला? मला लांबीतून आरपार भोक पाडलेले सोळा स्टड करून द्या. साधं लोखंड नको, ते त्या भट्टीपुढे मऊ पडतं. थोडं क्रोमियम घातलेलं पोलाद घ्या!"

दुसऱ्या दिवशी कारभारी रंगोपंतांनी नाक खुपसलंच. "स्टेनलेसचे लाव की! चकचकीत दिसतील."

"स्टेनलेस तापलं की पात्रापेक्षा जास्त लांबतं आणि ढिलं पडतं, पंत. त्याच्या चमच्याने तुम्ही तूप वाढा!"

येसूने भट्टीतून लालभडक सळ्या काढून स्टडच्या भोकांत सारल्या. स्टड आतून तापले आणि तिळाएवढे लांबले. नटाखाली फट पडली. येसूने दोन बोटांनी नट फिरवून ती बुजवली, सळ्या ओढून काढल्या आणि म्हणाली, "महाराज, आता वामकुक्षी घ्या!"

महाराज उठेपर्यंत स्टड गार होऊन आखडले होते. परीक्षेपुरते पाने मागवले गेले आणि दहा पैलवान नटांना लटकले. एकाचा पाना वाकला, दुसऱ्याचा फेटा सुटला, तिसऱ्याला लटकल्या जागी डुलकी लागली. नट काही हलेना!

"फसवणूक!" रंगोपंत ओरडले. "भट्टी पेटली की स्टड पुन्हा तापणार, पुन्हा ढिले पडणार!"

"पंत, भट्टी पेटली की पात्र तापतं, झाकण तापतं, स्टडही तापतो. सगळे मिळून फुगतात. एकटाच फुगतो ना, तो ढिला पडतो!"

पंतांनी गुपचूप पोट आत घेतलं.

भट्टी पेटली. बूड भाजू नये म्हणून झाकणावर सात घोंगड्या अंथरल्या आणि वर बाळोजी बसला, डोळे मिटून, हात जोडून. सगळा दरबार खांबांमागे लपला. येसूने मात्र शिडीवर उभं राहून बापाचा पाय घट्ट धरला होता. उडालाच तर दोघं उडू! वाफ आत घुमू लागली, पात्र थरथरलं. झाकण होतं तिथेच.

बाळोजीने एक डोळा उघडला. "येसे, मी हितंच हाय का गं?"

"इथंच आहात, आबा!"

महाराजांना इतका आनंद झाला, की तेही धापा टाकत वर चढले आणि बाळोजीशेजारी मांडी घालून बसले. खालून मोदकांचा घमघमाट सुटला.

"झाले मोदक! उघड लवकर! पण दोन बोटांनीच हं!" महाराज वरूनच ओरडले.

"उघडते की! सळ्या तापल्यात. झाकण दोन बोटांनी निघेल, महाराज. पण त्याआधी तुम्हाला उठवायला ते दहा पैलवान लागतील!"

दरबाऱ्यांनी खांबांमागून माना बाहेर काढल्या. आणि महाराज असे हसले, असे हसले, की सातही घोंगड्या घसरल्या! झाकण तेवढं हललं नाही.

बाप्पाला नैवेद्य दाखवून पहिला मोदक येसूला मिळाला, सोबत सोन्याच्या पाटल्या. बाळोजीला मानाचं कडं मिळालं. शेजारच्या राजालाही एकवीस मोदक गेले, या वेळी तुपासकट आणि रस्त्याने!