हार सांगण्याचा वसा

ऐक साक्षाई माते, तुझी कहाणी. आटपाट नगर वसलं होतं, तिथं एक द्यूतशाळा होती. धारोजी नावाचा माणूस तिथं फासे खेळून पोट भरी. शेत नव्हतं, दुकान नव्हतं, तोच त्याचा धंदा. घरी बायको होती, तिचं नाव येसाई.

राजाचा नियम होता, फासे खेळणाऱ्यानं वर्षाअखेर कचेरीत यावं, जिंकलेलं सांगावं, हरलेलं सांगावं, हार वजा जाऊन उरेल त्याचा सहावा हिस्सा कर भरावा. धारोजी काय करी? जिंकलेलं छाती काढून सांगे. कारकून विचारी, "हरलास किती?" हा म्हणे, "मी हरत नाही." मग सगळ्या जितीवर कर बसे. पहिल्या वर्षी करापायी गाय गेली. दुसऱ्या वर्षी भांडीकुंडी गेली. तिसऱ्या वर्षी येसाईच्या पाटल्या गेल्या.

येसाई म्हणाली, "रोज जिंकता म्हणता, मग पैसा जातो कुठं? कुणाचं घर भरता?" तीनदा विचारलं, तीनदा हा फासे उचलून चालता झाला. मग ती उठली, माहेरी निघून गेली.

मग धारोजी एकटा पडला. एकट्यानं चूल पेटवी, एकट्यानं जेवी. चुकून दोन पानं मांडी, एक उचलून ठेवी. द्यूतशाळेत शंभर माणसं, पण घरी "आलात का?" म्हणणारं कुणी नाही.

एके दिवशी तो साक्षाईच्या देवळात जाऊन बसला. तिथं एक म्हातारी फुलं ओवीत होती. ती म्हणाली, "बाबा, तुला काय झालं?" असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो रडला, सगळं बोलला. मग म्हणाला, "आजी, मला वसा सांग."

"घेशील आणि अर्ध्यावर टाकशील."

"नाही टाकायचा."

"मग रोज सांजेला देवीपुढं दिवा लाव. किती जिंकलास, किती हरलास, कुणाशी हरलास, मोठ्यानं सांग. वर्षानं राजाला सांग. मग जिच्यापासून लपवलंस तिला सांग, तेच उद्यापन."

पहिल्या दिवशी त्याची जीभ उचलेना. दुसऱ्या दिवशी कुजबुजला. तिसऱ्या दिवशी मोठ्यानं बोलला. ऐकायला देवीवाचून कुणी नव्हतं. असं वर्षभर केलं.

मग कचेरीत राजापुढं गेला, जीत सांगितली, हार सांगितली. राजा म्हणाला, "हरलास याला साक्ष कोण?" धारोजी म्हणाला, "महाराज, चैत्री पुनवेला महिपतीशी वीस मोहरा हरलो. नागपंचमीला रायाजीशी बारा हरलो." रोज बोललेलं, सगळं तोंडपाठ होतं. राजानं दप्तर काढवलं. महिपतीनं त्याच दिवशी वीस जिंकल्याचं लिहून दिलं होतं. रायाजीनं बारा लिहिल्या होत्या. एकेक बोल जुळला. हार वजा झाली, कर थोडका बसला, चार पैसे हाती उरले.

मग धारोजी येसाईच्या माहेरी गेला. अंगणातच उभा राहिला. म्हणाला, "येसाई, कुणाचं घर भरत नव्हतो. मी हरत होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू मला हरलेला बघशील, ही लाज वाटली."

येसाई उंबऱ्यावर बसली. "आता सांगा," म्हणाली. त्यानं पहिल्यापासून सांगितलं, तिनं मधे न बोलता ऐकलं. ऊन कलून गेलं. मग ती म्हणाली, "उद्या जिंकाल, परवा हराल. दोन्ही सांगाल?"

"सांगेन."

"मग थांबा, लुगडी बांधून घेते."

साक्षाई माते, जसं त्याचं ऐकून घेणारं माणूस त्याला दिलंस, तसं तुझी कहाणी ऐकणारांना दे. साठा बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, इथं फळाला आली.