केरबाची गाडी

“इंजिन नवं. टायर नवे. गिअरबॉक्स नवा. मग गाडी मागं का राहते, वस्ताद?”

बाबालाल वस्तादांनी मान वर केली नाही. उसाला पाणी देणारा पंप त्यांच्या पुढ्यात उघडा पडला होता. चिंधीनं ते त्याच्या आतला गाळ पुसत होते.

“वस्ताद, तुम्हालाच विचारतोय.”

“ऐकतोय की. बस.”

शार्दूल इंगवले ट्रेलरच्या कडेवर बसला. बसला म्हणजे अंग टाकलं. कोल्हापूरहून तो तासभर ट्रेलर ओढत या नदीकाठच्या गावात आला होता. ट्रेलरवर रेसच्या दोन बुटक्या गाड्या होत्या, एकामागं एक.

सात वर्षांपूर्वी त्यानं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ‘इंगवले रेसिंग’ सुरू केलं. पहिल्या गाडीचा सांगाडा बाबालाल वस्तादांनी आपल्या हातानं जोडला होता. स्टिअरिंग कसं धरायचं इथपासून शार्दूलला त्यांनीच शिकवलं. दुसऱ्या वर्षी करंडक आला. तिसऱ्या वर्षी दोन आले, पेपरात फोटो आला.

चौथ्या वर्षी शार्दूल चार लोकांत म्हणाला, “वस्ताद, कानानं इंजिन ऐकायचे दिवस गेले आता. ते काम लॅपटॉप करतो.”

सगळे हसले. वस्तादही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते शेडवर आले नाहीत.

नंतर करंडकही आला नाही. तीन वर्षांत तीन मेकॅनिक बदलून झाले. गाड्या बंद पडत, तापत, कधी नुसत्याच मागं राहत. परतीच्या प्रवासात कुणी कुणाशी बोलेनासं झालं. आणि मागच्या रेसनंतर केरबा पोवारनं, दुसरी गाडी चालवणाऱ्या पोरानं, हेल्मेट खिळ्याला अडकवलं आणि तो घरी निघून गेला. फोन उचलत नव्हता.

शेवटची रेस अकरा दिवसांवर होती. संघाच्या दोन्ही गाड्या उतरल्या पाहिजेत, असा नियम. गाड्या दोन, चालवणारा एक.

“पुढची माझी,” शार्दूल म्हणाला. “तिचं झाकण काढून देतो. एकदा बघा फक्त.”

वस्ताद गुडघ्यावर हात देऊन उठले. पुढच्या गाडीकडं त्यांनी पाहिलंही नाही. मागच्या गाडीवर हात ठेवला.

“ही कुणाची?”

“केरबाची. हिला काही झालेलं नाही. ही पाचवी आली.”

“आन् तुझी?”

“…नववी.”

“हिचं टायर?”

“माझे जुने.”

“ब्रेकच्या डिस्क?”

“माझ्याच जुन्या.” शार्दूलचा आवाज चढला. “एक गाडी तरी धड पळायला नको का, वस्ताद? चांगलं ते एकीला घातलं. त्यात चुकलं काय?”

वस्तादांनी ट्रेलरच्या फळ्या खाली टाकल्या. दोघांनी मिळून मागची गाडी अंगणात उतरवली.

“बस हिच्यात.”

“मी?”

“दुसरं कोण हाय इथं?”

केरबा अंगानं काटकुळा, सीट त्याच्या मापाची. शार्दूलचे खांदे अडकले. तिरका होऊन, श्वास रोखून तो कसाबसा आत गेला. सात वर्षांत या गाडीत तो कधी बसला नव्हता.

“ब्रेक दाब.”

त्यानं दाबला. पॅडल गेलं ते गेलंच. सरळ तळाला जाऊन टेकलं.

“टेकलं?”

“…टेकलं.”

“परत दाब.”

दुसऱ्या खेपेला पॅडल अर्ध्यावर येऊन कडक झालं.

“किती रेस चालवली त्यानं ही अशी?”

“तीन.”

“बोलला न्हाई तुला?”

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. लांब कुठंतरी ट्रॅक्टर चढाला लागला होता…

“बोलला होता,” शार्दूल म्हणाला. “दोनदा दाबायला लागतंय म्हणाला.”

“मग?”

“मी म्हणालो, दाब मग दोनदा.”

दीडशेच्या वेगानं वळण अंगावर येतं तेव्हा एकदा पाय ठेवायलाही वेळ पुरत नाही, हे शार्दूलला कुणी सांगायला नको होतं. ट्रॅकवर बारा वळणं. रेसला पंधरा फेऱ्या. एवढ्या वेळा दोनदा पाय मारून तो पोरगा पाचवा आला होता. आणि त्या संध्याकाळी आपण त्याला काय बोललो, ते शार्दूलला आठवलं. काहीच बोललो नव्हतो. आपल्या गाडीचं झाकण उघडून बसलो होतो.

त्यानं पॅडलवरचा पाय काढला.

“थकलोय मी, वस्ताद… बंदच करून टाकू का सगळं?”

“उतर.”

उतरायला त्याला बराच वेळ लागला. वस्तादांनी त्याच्या हातात एक पाना, पारदर्शक नळी आणि रिकामी बाटली दिली.

“खाली हो.”

“उद्या मेकॅनिकला पाठवतो.”

“खाली हो.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वस्ताद गाडीच्या दांडीला धरून एकेक पाय आत टाकत स्वतः सीटवर बसले. त्यांचे खांदे कुठं अडकले नाहीत.

शार्दूल मातीत आडवा झाला. पाठीवर मोठ्या अक्षरांत संघाचं नाव असलेला पांढरा शर्ट धुळीत गेला. चाकामागचा नट त्यानं हातानं चाचपला, त्याला नळी लावली, पाना बसवला. हे काम त्याला येत होतं. वस्तादांनीच शिकवलेलं. एकानं वर पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं खालून हाक द्यायची.

“दाबा.”

“दाबलं.”

त्यानं नट सैल केला. नळीतून काळपट तेल आलं आणि त्यात ब्रेकमध्ये शिरलेल्या हवेचे बुडबुडे. नट आवळला.

“सोडा.”

“सोडलं.”

“दाबा…”

मागची दोन्ही चाकं झाली. मनगट भरून आलं. डोळ्यांत घाम उतरला, तो पुसायला हात मोकळा नव्हता.

“वस्ताद, संध्याकाळी केरबाच्या घरी जातो.”

तो सरपटत पुढच्या चाकाकडं सरकला.

“त्याला माझ्या गाडीत बसवतो. ही मी चालवतो.”

त्यानं नळी लावली, पाना बसवला.

“…दाबा.”

“दाबलं.”

नळीत बुडबुड्यांची माळ तुटता तुटत नव्हती. शार्दूलनं डोकं मातीवर टेकलं, डोळे मिटले.

“वस्ताद, अजून हवाच निघतीया.”

“निघू दे.”